डोळे पिवळे का झाले?

(यकृत आणि स्वादुपिंड हे आपल्या पोटातील दोन महत्त्वाचे अवयव. ते बिघडले तर शरीर काही खुणा दाखवते. त्या खुणा कशा ओळखाव्यात, घरी कोणती काळजी घ्यावी आणि दवाखान्यात केव्हा जावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

आपण एका घराची कल्पना करू या. छत्रपती संभाजीनगर म्हणजेच औरंगाबाद शहराच्या जुन्या भागात हे घर आहे. घरात दादी, अम्मी, अब्बा आणि नववीत शिकणारा एक मुलगा आहे. मोठी आपा बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिला सातवा महिना सुरू आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत.

चार दिवसांपासून मुलाला भूक नाही. अंगात थोडा ताप आहे. फोडणीचा वास आला तरी त्याला मळमळते. पाचव्या दिवशी त्याची लघवी बिनदुधाच्या चहासारखी गडद झाली. अम्मीने त्याला उजेडात नेले आणि डोळे पाहिले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता.

दादी म्हणाल्या, ‘‘बेटा, तुला यर्कान झाला आहे. पलीकडच्या मोहल्ल्यात एक जण कावीळ उतरवतात. आजच तुला त्यांच्याकडे नेऊ.’’

अब्बा विचारात पडले. त्यांनी काय करायला हवे? हे ठरवण्यापूर्वी कावीळ म्हणजे काय, ते समजून घेऊ.

पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड यकृत असते. उर्दूत आपण त्याला जिगर म्हणतो. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. शरीराच्या आतील अवयवांत ते सर्वांत मोठे आहे. ते एखाद्या कारखान्यासारखे रात्रंदिवस चालते. आपण खाल्लेल्या अन्नातील जास्तीची साखर ते साठवून ठेवते आणि गरज पडेल तेव्हा रक्तात सोडते. जखम झाल्यावर रक्त गोठावे यासाठी लागणारे पदार्थ तेथे तयार होतात. औषधे आणि विषारी पदार्थ यांची विल्हेवाट तेच लावते. तेल-तुपाच्या पचनाला लागणारा पित्तरसही यकृतातच तयार होतो.

यकृताचा एक विशेष गुण आहे. त्याचा काही भाग नष्ट झाला तरी उरलेला भाग वाढून काम सांभाळतो. म्हणूनच यकृताचे पुष्कळ नुकसान होईपर्यंत रोग्याला काहीच जाणवत नाही, असे अनेकदा घडते. यकृत सहसा दुखत नाही. त्यामुळे ते ज्या थोड्या खुणा दाखवते, त्या ओळखता आल्या पाहिजेत.

त्यांतील सर्वांत ठळक खूण म्हणजे पिवळेपणा. आपल्या रक्तातील लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या पेशी मोडल्या की त्यांतून एक पिवळा पदार्थ निघतो. त्याला बिलिरुबिन म्हणतात. निरोगी यकृत हा पदार्थ रक्तातून उचलते आणि पित्तरसाबरोबर आतड्यात सोडते. यकृताला सूज आली किंवा पित्ताची नळी तुंबली, तर हा पिवळा पदार्थ रक्तातच साठत राहतो. मग डोळे आणि त्वचा पिवळी होते. तो लघवीवाटे बाहेर पडू लागला की लघवी गडद होते. पित्तरस आतड्यात पोहोचलाच नाही, तर शौचाचा रंग मातीसारखा फिका होतो आणि अंगाला खाज सुटते.

तेव्हा हे लक्षात ठेवा, की कावीळ हा एक आजार नाही. ती आजाराची खूण आहे. घरातून धूर निघताना दिसला, तर आग चुलीची आहे की पडद्याला लागलेली आहे, हे आत जाऊन पाहावे लागते. पिवळ्या डोळ्यांचेही तसेच आहे. पिवळेपणा एक, पण त्याची कारणे अनेक असतात.

आपल्या पूर्वजांनाही या खुणांचे महत्त्व माहीत होते. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी ‘अल् कानून’ या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात यर्कानचे वर्णन केले आहे. लघवीच्या रंगावरून रोगाचा अंदाज कसा घ्यावा, याचीही त्यांनी सविस्तर चर्चा केली आहे. आज तेच काम अधिक अचूकपणे प्रयोगशाळेत होते.

आता दादींच्या सल्ल्याकडे वळू. कावीळ उतरवणारा माणूस रोग्याचे हात चुन्याच्या पाण्यात धुतो. पाणी पिवळे होते आणि ‘‘पाहा, कावीळ उतरली!’’ असे तो सांगतो. पण ही रसायनाची करामत आहे. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून ते हात चुन्याच्या निवळीत धुतले, की पाणी पिवळे होते. हात रोग्याचे असोत की निरोगी माणसाचे, रंग तोच येतो. काही जण गळ्यात माळ घालतात. कावीळ उतरते तशी माळ लांब होते, असे ते सांगतात. पण त्या माळेच्या गाठीच अशा मारलेल्या असतात, की दोरा हळूहळू सैल होऊन माळ आपोआप लांबते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग लोकांसमोर अनेकदा करून दाखवले आहेत.

मग लोकांचा यावर विश्वास का बसतो? कारण दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. गुण शरीराच्या शक्तीचा असतो आणि श्रेय माळेला मिळते. दादी खोटे बोलत नाहीत. त्यांनी माळ घालून बरे झालेले लोक खरोखरच पाहिले आहेत. पण ज्यांची कावीळ निराळ्या कारणाची होती आणि ज्यांचा वेळ माळेची वाट पाहण्यात गेला, त्यांची आठवण कोणी सांगत नाही.

अब्बांनी दादींची समजूत घातली आणि मुलाला घाटी रुग्णालयात नेले. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयाला सारे शहर ‘घाटी’ म्हणूनच ओळखते. डॉक्टरांनी मुलाचे पोट तपासले आणि रक्त तपासायला पाठवले. बिलिरुबिन किती वाढले आहे, यकृताला किती सूज आहे, रक्त वेळेवर गोठते का आणि आजार कोणत्या विषाणूचा आहे, हे या तपासणीतून समजते. गरज असेल तर सोनोग्राफी करतात. तिच्यात पित्ताशयातील खडे आणि तुंबलेली नळी दिसू शकते.

यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत. त्यांना हिपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई अशी नावे आहेत. ए आणि ई हे मुख्यतः दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतात. बी, सी आणि डी हे रक्तातून पसरतात. डी हा विषाणू फक्त बी असलेल्या रोग्यालाच त्रास देतो. मुलाचा आजार हिपॅटायटिस ई निघाला.

या ई विषाणूचा शोध भारताशी जोडलेला आहे. १९५५ साली यमुनेला पूर आला. नदीचे पात्र थोडे सरकले आणि सांडपाणी दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात मिसळले. त्यानंतर १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. १९७८ साली काश्मीरच्या खोऱ्यात अशीच मोठी साथ आली. तेथील डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगावच्या रोग्यांचा अभ्यास केला. हा आजार आतापर्यंत माहीत असलेल्या विषाणूंचा नाही, हे त्यांनी १९८० साली मांडले. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. त्यांचाही निष्कर्ष तसाच होता. पुढे १९८३ मध्ये हा विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहता आला. आपल्या महाराष्ट्रातही इचलकरंजी शहरात २०१२ साली दूषित पाण्यामुळे हिपॅटायटिस ईची साथ आली. हजारो लोक आजारी पडले आणि काहींचा मृत्यू झाला.

डॉक्टरांनी अब्बांना विचारले, ‘‘घरात कोणी गरोदर आहे का?’’ अब्बा म्हणाले, ‘‘हो, माझी मुलगी आहे. दोन दिवसांपासून तिलाही मळमळते आहे.’’ डॉक्टर लगेच म्हणाले, ‘‘तिला आजच घेऊन या. उद्यावर टाकू नका.’’

डॉक्टरांनी एवढी घाई का केली? हिपॅटायटिस ई इतरांत सहसा आपोआप बरा होतो. पण गरोदर स्त्रीला तो फार घातक ठरू शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर शंभरातील २० ते २५ पर्यंत माता दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपाला भावामुळे आजार झाला, असे मात्र नव्हे. दोघे एकाच नळाचे पाणी पीत होते.

या पाण्याची गोष्ट आपल्या शहराला नवी नाही. सतराव्या शतकात मलिक अंबर याने खडकी गावासाठी, म्हणजेच आजच्या या शहरासाठी, नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून उताराने वाहत शहरात येई. पुढे शहर वाढले. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे पाणी नळाने येऊ लागले. पण वर्षानुवर्षे अनेक वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नसे. काही दिवसांच्या अंतराने येई. अशा पुरवठ्यात एक धोका असतो. नळ भरलेला असतो तेव्हा आतील दाब घाण बाहेर ठेवतो. नळ रिकामा झाला, की फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. काही जण नळाला मोटार लावून पाणी खेचतात. त्यामुळे ही घाण अधिकच आत ओढली जाते. पुढच्या वेळी नळ सुरू होतो, तेव्हा पहिले पाणी तीच घाण घेऊन घरात येते.

म्हणून गढूळ किंवा वास येणारे पाणी पिण्यासाठी भरू नये. नळ फुटलेला दिसला, तर महानगरपालिकेला कळवावे. पण पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते शुद्ध असतेच असे नाही, कारण विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत. पावसाळ्यात आणि साथीच्या काळात पाणी खळखळून उकळावे आणि झाकून ठेवावे. माठात हात किंवा पेला बुडवू नये. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी घ्यावे. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. उघड्यावरची कापलेली फळे आणि बर्फ घातलेली सरबते टाळावीत. कावीळ झालेल्या माणसाला लोक हौसेने रस्त्यावरचा उसाचा रस पाजतात. त्यातील बर्फ आणि पाणी दूषित असेल, तर औषध म्हणून आजारच पोटात जातो.

आता रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंकडे पाहू. हिपॅटायटिस बी आणि सी हे आजार न तपासलेले रक्त, दुसऱ्यासाठी वापरलेली सुई, न्हाव्याचे जुने पाते किंवा गोंदण्याची अस्वच्छ सुई यांतून पसरू शकतात. बी हा आजार आईकडून बाळाला जन्माच्या वेळी होऊ शकतो. तसेच तो शरीरसंबंधातूनही पसरतो. मात्र एकत्र बसून जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा गळाभेट घेतल्याने हे आजार पसरत नाहीत. म्हणून अशा रोग्याला दूर लोटणे चुकीचे आहे. हे विषाणू काहींच्या शरीरात वीस-तीस वर्षे गुपचूप राहतात आणि यकृत हळूहळू कठीण करतात. त्याला सिरॉसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी साचते, रक्ताची उलटी होते आणि काहींना यकृताचा कर्करोगही होतो.

यावर उपाय आहेत. हिपॅटायटिस बीचा विषाणू बारुख ब्लुमबर्ग या शास्त्रज्ञाने शोधला. त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज या आजाराची लस सरकारी दवाखान्यात बाळांना मोफत दिली जाते. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो. हिपॅटायटिस सीवर लस नाही. पण सुमारे तीन महिने गोळ्या घेतल्या, की बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. भारत सरकारने २०१८ साली यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

यकृताचा शेजारी म्हणजे स्वादुपिंड. उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. जठराच्या मागे तो आडवा असतो. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर असते. तो दोन कामे करतो. पहिले काम म्हणजे पाचक रस तयार करणे. दुसरे काम म्हणजे रक्तातील साखर काबूत ठेवणारे इन्शुलिन तयार करणे. इन्शुलिन कमी पडले की मधुमेह होतो. सतत तहान लागणे, वारंवार लघवी होणे आणि खाऊनही वजन घटणे या त्याच्या खुणा आहेत. कॅनडातील टोरोंटो शहरात जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम इन्शुलिन दिले गेले. त्यापूर्वी मधुमेह झालेली मुले फार दिवस जगत नसत.

पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांच्या शरीरात आतड्याच्या तोंडाशी एकत्र येतात. दोन गल्ल्यांना एकच दरवाजा असावा तसे हे आहे. पित्ताशयातील खडा त्या दरवाजात अडकला, तर दोन्ही गल्ल्या तुंबतात. पित्त अडते आणि कावीळ होते. स्वादुपिंडाला सूज येते. त्याचा रस अन्नाऐवजी त्यालाच पचवू लागतो. मग वरच्या पोटात अचानक असह्य वेदना सुरू होतात. त्या पाठीपर्यंत जातात. पुढे वाकून बसले की थोडे बरे वाटते. उलट्या थांबत नाहीत. दारू हेही या आजाराचे मोठे कारण आहे. अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पीत बसू नये. रोग्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तेथे शिरेतून पाणी आणि वेदना कमी करणारी औषधे देतात. अडकलेला खडा अनेकदा दुर्बिणीच्या साहाय्याने काढता येतो.

वयस्कर माणसाचे पोट न दुखता डोळे पिवळे होत गेले, खाज सुटली आणि वजन घटू लागले, तर त्याची तपासणी लवकर करावी. स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनळीच्या कर्करोगात असे होऊ शकते. कोणत्याही माळेने हा रोग उतरत नाही आणि गेलेला वेळ परत येत नाही.

अलीकडे आणखी एक आजार वाढला आहे. दारू न पिणाऱ्यांच्या यकृतातही चरबी साठते. गोड शीतपेये, तळलेले पदार्थ, वाढलेले वजन आणि व्यायामाचा अभाव ही त्याची कारणे आहेत. दावतीत नानखलिया जरूर खा. पण रोजच दावत नको. रोज थोडे खेळा, चाला.

आता घरच्या काळजीकडे येऊ. कावीळ झालेल्या रोग्याला विश्रांती द्यावी. खिचडी, वरणभात, फळे, दही असे साधे आणि पोटभर अन्न थोडे थोडे द्यावे. हळद पिवळी असते म्हणून ती बंद करण्याची गरज नाही. नुसत्या उसाच्या रसावर रोग्याला ठेवू नये. त्याने अशक्तपणा वाढतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी, पुडी किंवा काढा देऊ नये. तापाची साधी पॅरासिटामॉल गोळीसुद्धा जास्त प्रमाणात घेतली तर यकृताला इजा करते. रमजान असेल, तर आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

काही खुणा मात्र धोक्याच्या असतात. रोगी बरळू लागला, दिवसा झोपेत राहू लागला, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, शौच डांबरासारखे काळे झाले, पोट फुगले किंवा उलट्या थांबेनाशा झाल्या, तर एक तासही दवडू नये. गरोदर स्त्रीला कावीळ झाली, तर इतर कोणत्याही खुणेची वाट पाहू नये.

त्या घरात पुढे काय झाले? आपाची तपासणी झाली. तिलाही हिपॅटायटिस ई झाला होता. तिला रुग्णालयात दाखल करून घेतले. डॉक्टर आणि परिचारिका रोज तिचे रक्त तपासत आणि बाळाचे ठोके ऐकत. या आजाराला झटपट बरे करणारे औषध नव्हते. पण बिघाड झालाच तर तो लगेच लक्षात यावा, म्हणून तिच्यावर सतत नजर होती. तीन आठवड्यांनी तिचे डोळे निवळले आणि ती घरी आली. मुलगाही महिन्याभरात शाळेत जाऊ लागला.

आता त्या घरात रोज रात्री मोठे पातेले चुलीवर चढते. पाणी खळखळून उकळले की मुलगा त्यावर झाकण ठेवतो. शेजारच्या घरातील लहान मुलाचे डोळे पिवळे झाले, तेव्हा त्याच्या आईला दादीच म्हणाल्या, ‘‘माळ घालायची तर घाला, पण आधी याचे रक्त तपासून आणा.’’

शब्दार्थ
यकृत – जिगर
स्वादुपिंड – लबलबा
कावीळ – यर्कान
पित्ताशय – पित्ता
मळमळणे – जी मितलाना
दूषित – गंदा, आलूदा
निवळी – चुना खाली बसल्यावर वर राहिलेले स्वच्छ पाणी
ओगराळे – लांब दांड्याची पळी
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिलिरुबिन कशातून तयार होते?
(आ) पाण्यातून पसरणारे हिपॅटायटिसचे दोन प्रकार कोणते?
(इ) हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस केव्हा द्यावा?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) डॉक्टरांनी आपाला त्याच दिवशी आणायला सांगितले.
(आ) माळ घातल्याने कावीळ उतरते, असे लोकांना वाटते.
(इ) रिकाम्या नळात गटाराचे पाणी शिरते.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पित्ताशयातील खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज कशी येते?
(आ) कावीळ झालेल्या रोग्याची घरी कोणती काळजी घ्यावी?

प्र. ४. तुमच्या घरी पिण्याचे पाणी कोठून येते, ते कसे साठवतात, याची माहिती घ्या आणि दहा ओळी लिहा.